होउ श्याओ-श्येन यांचे चित्रपट पाहायला कोठून सुरुवात करावी

'द बॉइज फ्रॉम फेंगक्वेइ' या १९८३ सालच्या चित्रपटात पेंगहू बेटावरच्या कोळ्यांच्या गावातून कामधंद्यासाठी काउश्युंग शहरात आलेल्या पोरांना रस्त्यात एक मोटारसायकलवाला गाठतो, चावट चित्रपटाचे आमिष दाखवून त्यांच्याकडून पैसे घेतो आणि समोरच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर जायला सांगतो. पोरे जिने चढून वर पोचतात, तर इमारत अर्धवट बांधलेली निघते. तिथे चित्रपटगृह नाही की पडदा नाही. जिथे भिंत यायची तिथे भलेमोठे भगदाड आहे आणि त्यातून सगळे शहर दिसते आहे. आपण फसलो हे कळूनही पोरे थोडा वेळ तिथेच उभी राहून बघत राहतात.

तैवानचे दिग्दर्शक होउ श्याओ-श्येन यांचे चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्याची गतही पुष्कळदा अशीच होते. तिकीट गोष्टीचे काढलेले असते, आणि समोर येते ते एक उघडे दार, त्यापलीकडची खोली आणि खोलीत जेवत बसलेली, कोणाची कोण ते न सांगितलेली माणसे. मी स्वतः तर उलट्या टोकाने सुरुवात केली होती. कान महोत्सवात २०१५ साली सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळालेला 'द असॅसिन' मी तलवारबाजी पाहायला मिळेल म्हणून लावला आणि कोण कोणाचा चुलतभाऊ, कोण कोणावर रागावले आहे याचा पत्ता न लागल्याने अर्ध्यावर बंद केला. तो पुन्हा लावायला मला दोन वर्षे लागली, आणि मधल्या काळात याच दिग्दर्शकाचे जुने चित्रपट पाहून झालेले असल्यामुळेच दुसऱ्या वेळी तो उलगडला. पुढे जो क्रम सुचवला आहे तो या चुकीतून आलेला आहे. होउ यांच्या चित्रपटात आधी जागा ओळखून ठेवावी, मग माणसे. गोष्ट आपोआप मागून येते, हे त्या क्रमामागचे सूत्र आहे.

पाहण्याआधी एवढे माहीत असावे

प्रथम नावाविषयी. चिनी रीतीप्रमाणे 'होउ' हे आडनाव असून ते आधी येते. म्हणून त्यांचा उल्लेख 'होउ' असाच करावा, 'श्येन' असा नव्हे. त्यांचे चित्रपट शोधताना इंग्रजी नावे उपयोगी पडतात, म्हणून येथेही तीच देवनागरीत दिली आहेत.

त्यांचा जन्म एप्रिल १९४७ मधला, दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील मेइश्येन येथला. कुटुंब हक्का भाषिक. होउ जेमतेम वर्षाचे असताना हे कुटुंब तैवानला आले, आणि दुसऱ्याच वर्षी, १९४९ मध्ये, चीनच्या मुख्य भूमीवर साम्यवाद्यांची सत्ता येऊन परतीची वाट बंद झाली. काही वर्षांपुरते म्हणून आलेले घर तैवानच्या दक्षिणेकडील फंगशान या गावात कायमचे राहिले. होउ लहान असताना वडील गेले, पुढे आई आणि मग आजी. मधल्या काळात ते देवळाजवळच्या टोळक्यात जुगार, मारामाऱ्या करत फिरत होते. सक्तीची सैनिकी सेवा संपवून १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय कला अकादमीच्या नाट्य-चित्रपट विभागात प्रवेश घेतला, १९७२ मध्ये तेथून बाहेर पडल्यावर काही महिने कॅल्क्युलेटर विकले, आणि १९७३ पासून ली शिंग या तेव्हाच्या मातब्बर दिग्दर्शकाच्या हाताखाली चित्रीकरणाच्या नोंदी ठेवण्याचे काम धरले. म्हणजे तैवानी चित्रपटातील नव्या लाटेचा हा अध्वर्यू बाहेरून आलेला नव्हता. जुन्या व्यावसायिक चित्रपटसृष्टीच्या कारखान्यात सात वर्षे घासून तो तयार झालेला होता.

इतिहासातील तीन तारखा कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण चित्रपटात त्या कोणी समजावून सांगत नाही. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे तैवान जपानच्या ताब्यात होते. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी, चोरटी सिगारेट विकणाऱ्या एका विधवेला सरकारी माणसांनी केलेल्या मारहाणीचे निमित्त होऊन, मुख्य भूमीवरून आलेल्या राष्ट्रवादी चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला आणि त्यानंतरच्या दडपशाहीत हजारो माणसे मारली गेली. १९४९ मध्ये लागू झालेला लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला. तोवर या हत्याकांडाविषयी उघडपणे बोलण्याची सोय नव्हती.

पहिली बैठक : फंगशानचे घर

सुरुवात 'अ टाइम टू लिव्ह, अ टाइम टू डाय' (१९८५) या चित्रपटाने करावी. 'अ समर ॲट ग्रँडपाज' (१९८४) अधिक सोपा आहे आणि मुलांना घेऊन पाहायचे असेल तर तोच निवडावा; पण होउ यांची सगळी रीत शिकवणारे घर 'अ टाइम टू लिव्ह'मध्येच आहे. हे घर म्हणजे सजवलेला देखावा नव्हे. चित्रपट त्यांच्या स्वतःच्या बालपणाचा आहे आणि चित्रीकरणही ते फंगशानच्या ज्या घरात वाढले त्याच घरात झालेले आहे.

पहिल्या वीस मिनिटांत गोष्टीचा माग काढण्याच्या भानगडीत पडू नये. घराचा नकाशा मनात उतरवावा. जपानी धाटणीची, जमिनीपासून जरा उंच घेतलेली बैठक, सरकती दारे, दारातून दिसणारी दुसरी खोली, वडिलांची वेताची खुर्ची, बाहेरचे झाड, वळणावर दिसेनाशी होणारी वाट. कॅमेरा त्याच त्या ठिकाणी पुन्हापुन्हा उभा राहतो, आणि एकदा ती जागा ओळखीची झाली की तिच्यात कोण नाही हे बघणाऱ्याला न सांगता कळते. वडिलांची खुर्ची रिकामी दिसते तेव्हा कोणाला रडून दाखवावे लागत नाही.

त्याच घरातील लाकूडसामानाकडे विशेष लक्ष द्यावे. ते सगळे बांबूचे आणि वेताचे, हलके आणि स्वस्त आहे, हे आपण तासभर निमूटपणे पाहतो. पुढे, वडील वारल्यानंतर, त्यांनी लिहून ठेवलेला मजकूर मुलीच्या हाती लागतो आणि त्यातून कळते, की तीन-चार वर्षांत परत जायचेच आहे, जाताना टाकून देता यावे, म्हणून त्यांनी जड सामान घेतलेच नव्हते. राजकीय भाषणाचे एक वाक्यही न उच्चारता एका पिढीचे निर्वासितपण खुर्च्या-टेबलांवरून सांगितले जाते. पण ज्याने ते सामान आधी बघितलेच नाही त्याच्यापर्यंत ते पोचत नाही.

आजीचे प्रसंग मात्र कोणालाही लगेच भिडतात. आजीच्या हिशेबी मुख्य भूमी जवळच आहे. मेइजियांगचा पूल ओलांडला की आपले गाव. ती नातवाला घेऊन चालत गावी निघते आणि वाटेतल्या टपरीवर बर्फाचे गोड खाता खाता टपरीवालीला पुलाची वाट विचारते. टपरीवालीला तिची हक्का बोली कळत नाही. दोघे तशीच पुढे जातात, पेरू गोळा करतात आणि आजी ते पेरू हवेत उडवून झेलून दाखवते. शेवटी ती त्याच घरातल्या चटईवर पडल्या पडल्या जाते, आणि ती गेली आहे हे नातवांच्या ध्यानात येते तेव्हा तिच्या हातावरून मुंग्या फिरत असतात.

या चित्रपटापासून छायालेखक ली पिंग-बिन होउ यांच्या सोबत आले. पटकथा-लेखिका जू त्येन-वन त्याआधी दोनेक वर्षे आल्या होत्या, आणि त्यांनी वाचायला दिलेले शेन त्सोंगवन या लेखकाचे आत्मचरित्र होउ यांच्या नजरेला वळण देणारे ठरले. माणसाच्या सुखदुःखाकडे नदीकाठच्या टेकडीवरून पाहावे तसे, न्याय न करता पाहणारे ते लेखन आहे. ते वाचल्यावर 'फेंगक्वेइ'च्या चित्रीकरणात होउ छायालेखकाला कॅमेरा आणखी मागे घ्या, आणखी मागे घ्या असे सांगत राहिले, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या प्रत्येक चर्चेत येते. दूरच्या चौकटीला एक व्यावहारिक कारणही होते. त्यांचे बरेचसे नट हौशी होते, आणि यंत्र तोंडाशी आणले की हौशी माणूस आखडतो. लांब उभे राहून, मध्ये न तोडता, लांबलचक शॉट घेतला की तो जेवतो, पत्ते खेळतो, शिव्या देतो आणि आपण चित्रपटात आहोत हे विसरतो. हे कारण मला तत्त्वज्ञानाहून अधिक पटते.

दुसऱ्या दिवशी, शक्यतो लगेच, 'डस्ट इन द विंड' (१९८६) पाहावा. बोगद्यांतून जाणाऱ्या आगगाडीच्या पुढच्या टोकावरून घेतलेल्या दृश्याने तो सुरू होतो. अंधार, मग दूर एक उजेडाचा ठिपका, मग झाडी, पुन्हा अंधार. खाणकामगारांच्या डोंगराळ वस्तीतली मुलगा-मुलगी तैपेईला कामाला जातात आणि मुलगा सैन्यात असताना मुलगी दुसऱ्याशी लग्न करते, एवढीच कथा, आणि ती पटकथाकार वू न्येन-जन यांच्या स्वतःच्या आयुष्यातली. या चित्रपटातील आजोबांना नीट पाहून ठेवावे. ते ली त्येन-लू, हातमोज्यासारख्या बाहुल्यांचा खेळ करणारे तैवानचे नामांकित कलावंत. पुढे त्यांच्यावरच एक अख्खा चित्रपट येणार आहे.

'अ सिटी ऑफ सॅडनेस' : कागद-पेन्सिल घेऊन

१९८९ साली व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळवणारा हा चित्रपट २८ फेब्रुवारीच्या प्रकरणाला पडद्यावर हात घालणारा पहिला, आणि लष्करी कायदा उठून दोनच वर्षे झाली होती. तैवानमध्ये तो पाहायला लोटलेली गर्दी कलात्मक चित्रपटाच्या वाट्याला सहसा येत नाही. तो दोन तास सदतीस मिनिटांचा आहे. जेवण उरकून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, अंधारात पाहावा.

कागद नावांसाठी लागतो. लिन कुटुंबात चार भाऊ आहेत : थोरला वन-श्युंग, दुसरा जपानी सैन्यातून न परतलेला डॉक्टर, तिसरा शांघायहून भ्रमिष्ट होऊन आलेला, आणि धाकटा वन-छिंग, जो मूकबधिर असून छायाचित्रणाचा स्टुडिओ चालवतो. वन-छिंगचा मित्र हिनोए आणि हिनोएची बहीण हिरोमी ही दोघे तैवानीच आहेत, त्यांची नावे तेवढी जपानी अमदानीतली; त्यांना चिनी नावेही आहेत आणि दोन्ही वापरली जातात. एवढे टिपून ठेवले तर पहिल्या अर्ध्या तासातला गोंधळ बराच कमी होतो.

सुरुवात काळोखात होते. रेडिओवर जपानी सम्राट शरणागती जाहीर करतो आहे, पलीकडे एक बाई बाळंत होते आहे, वीज गेलेली आहे, आणि थोरला भाऊ धडपडत दिवा लावतो आहे. मूल जन्मते, वीज येते, आणि मुलाचे नाव 'प्रकाश' या अर्थाचे ठेवले जाते. पुढचे अडीच तास पाहिल्यावर त्या नावातला उपरोध कडू लागतो, पण होउ तो ठळक करून दाखवत नाहीत.

उपशीर्षके वाचताना कान बंद ठेवू नयेत, ही या चित्रपटाच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे, कारण उपशीर्षकांत सगळ्या भाषा एकसारख्या दिसतात आणि चित्रपट तर भाषांवरच उभा आहे. घरात होक्क्येन ही तैवानमधली चिनी बोली, सुशिक्षितांत जपानी, नव्या सरकारची मँडरिन. एका प्रसंगात थोरला भाऊ शांघायच्या गुंडांशी वाटाघाट करायला बसतो आणि त्याचे म्हणणे एक जण कॅन्टोनीजमध्ये सांगतो, दुसरा ते शांघायच्या बोलीत नेतो, आणि उत्तर त्याच वाटेने उलटे येते. सगळे स्वतःला चिनी म्हणवणारे, आणि एका टेबलावर दोन दुभाषे! इथे शब्दांचा अर्थ बाजूला ठेवून नुसता आवाज ऐकावा.

वन-छिंगच्या मुकेपणाचा उगमही भाषेतच आहे. ती भूमिका करणारा हाँगकाँगचा टोनी ल्यंग याला होक्क्येन येत नव्हती. म्हणून पात्र मुके केले गेले. गरजेतून निघालेली ही तोड चित्रपटाचा कणा होऊन बसली. उठावाच्या दिवसांत आगगाडीत हातात शस्त्रे घेतलेले तैवानी जमावाचे लोक त्याला 'तू कुठला?' असे दरडावून विचारतात. ज्याला बोलता येत नाही त्याला आपण तैवानी आहोत हे बोलूनच सिद्ध करायचे आहे. तो कसाबसा दोन-तीन शब्द तोंडातून काढतो, तेवढ्यात हिनोए येऊन त्याला वाचवतो. याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवून पाहावा : मित्रमंडळी राजकारणावर तावातावाने बोलत आहेत, ग्रामोफोनवर 'लोरेलाय' हे जर्मन गाणे लागले आहे, आणि खोलीच्या एका बाजूला हिरोमी त्या गाण्याची कथा वन-छिंगला कागदावर लिहून सांगते आहे.

आणि पुन्हा जागा. हिरोमी ज्या रुग्णालयात परिचारिका आहे त्याचे प्रवेशद्वार त्याच कोनातून अनेकदा येते. प्रत्येक वेळी त्यातून कोण आत येते एवढेच बदलते, आणि त्यावरून बाहेर काय चालले आहे याचा अंदाज आपण बांधायचा असतो. प्रत्यक्ष हत्याकांड फारसे दिसत नाही. याबद्दल तैवानमध्ये होउ यांच्यावर कडक टीका झाली, आणि ती निव्वळ अडाणीपणाची होती असे म्हणता येणार नाही. चाळीस वर्षे गप्प बसवलेल्या माणसांना पडद्यावर अखेर सगळे उघड हवे होते. तरीही शेवटी लिन कुटुंबाचे जेवणाचे टेबल येते, आणि सुरुवातीपासून जी माणसे आपण त्या घरात मोजत आलो ती आता किती उरली हे दिसते, तेव्हा होउ यांची निवड मला योग्य वाटते.

यानंतर आठवडाभर थांबावे. लगोलग 'द पपेटमास्टर' (१९९३) पाहू नये. त्याला ताजे मन लागते. यात ते आजोबा, ली त्येन-लू, जपानी अमदानीतले स्वतःचे आयुष्य सांगतात. आधी नुसता आवाज, मग चित्रपट बराच पुढे गेल्यावर म्हातारा स्वतः चौकटीत येऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतो. ते सांगतात एक आणि दृश्यात दिसते थोडे वेगळे किंवा मागचे-पुढचे; तिथे आपले काही चुकले असे समजू नये, रचनाच तशी आहे. कान महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला.

बाकीचे, आणि शेवटी पाहायचे

नव्वदच्या दशकातले 'गुड मेन, गुड विमेन' (१९९५) आणि 'गुडबाय साउथ, गुडबाय' (१९९६) गोडी लागल्यावर पाहावेत; 'डॉटर ऑफ द नाइल' (१९८७) राहिला तरी चालेल. 'फ्लॉवर्स ऑफ शांघाय' (१९९८) मात्र चुकवू नये, आणि तो चांगल्या, जीर्णोद्धार झालेल्या प्रतीतच पाहावा, कारण तेलाच्या दिव्यांच्या पिवळ्या उजेडात घेतलेली ती दृश्ये खराब प्रतीत नुसती काळपट दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे शांघायमधले कलावंतिणींचे वाडे. संपूर्ण चित्रपटात कॅमेरा एकदाही घराबाहेर पडत नाही, आणि सबंध चित्रपट चाळीसच्या आत शॉटमध्ये संपतो. प्रत्येक दृश्य अंधारातून उजळते आणि अंधारात मावळते. पहिलेच दृश्य जेवणाच्या टेबलाभोवतीचे, काही मिनिटे न तुटणारे. इथे कॅमेरा आता हळूहळू डुलतो आहे हे लक्षात घ्यावे, कारण फंगशानच्या घरात तो असा हलत नव्हता.

यानंतर होउ तैवानबाहेरही गेले : जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तोक्योत 'कॅफे ल्युमिएर' (२००३), पॅरिसमध्ये 'फ्लाइट ऑफ द रेड बलून' (२००७). एकाच नट-नटीच्या जोडीला घेऊन १९६६, १९११ आणि २००५ मधल्या तीन कथा सांगणारा 'थ्री टाइम्स' (२००५) हा या काळातला प्रवेशास सोपा चित्रपट असून, घाईत असणाऱ्याने निदान त्याचा पहिला, बिलियर्डच्या अड्ड्यांवरचा भाग पाहावा.

'द असॅसिन' आता लावावा. नवव्या शतकातील तांग राजवट, लहानपणी दूर पाठवलेली आणि खुनाच्या कामात तरबेज करून परत आणलेली न्ये यिन्न्यांग, आणि मारायचा आहे तो तिचा नात्यातला भाऊ, वेइबो प्रांताचा अधिपती. एवढी ओळ माहीत असली की पुरे. तो रात्री आपल्या उपस्त्रीशी बोलत असतो ते दृश्य झिरझिरीत पडद्यांतून घेतलेले आहे. पडदे वाऱ्याने सरकतात, माणसे धूसर होतात, पुन्हा स्पष्ट होतात, आणि मग आपल्याला कळते की पडद्यामागे ती उभी आहे आणि आपण पाहतो आहोत ते तिच्या जागेवरून. हा होउ यांचा अखेरचा चित्रपट ठरला. त्यांना अल्झायमर झाल्याचे आणि त्यांनी काम थांबवल्याचे कुटुंबीयांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केले.

सगळ्यांत शेवटी, आणि शक्यतो रविवारी दुपारी, 'क्यूट गर्ल' (१९८०) हा त्यांचा पहिला चित्रपट पाहावा. तो लोकप्रिय गायक-गायिकेला घेऊन केलेला गाण्याबजावण्याचा, हलकाफुलका प्रेमपट आहे, आणि आधी पाहिला असता तर पुढचे काही पाहावेसे वाटले नसते. आता मात्र नायक-नायिकेच्या मागेपुढे लक्ष ठेवावे : लांब भिंगाने घेतलेला रस्ता, मध्येच कॅमेऱ्याच्या आड येऊन जाणारी माणसे, शेताच्या कडेने जाणारी वाट. नायकाचा व्यवसाय मोजणीदाराचा आहे. होऊ घातलेल्या रस्त्यासाठी तो दुर्बीण लावून गावची जमीन मोजतो आहे.